पाताळझऱ्याचा आठवा भाग

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी शाळेत एक पत्र्याची पेटी आली. रेणापूरपासून तीन कोसांवरचं गाव, दोन खोल्यांची शाळा. पेटी बैलगाडीतून उतरवली तेव्हा पोरांना वाटलं, खाऊ असेल. गुरुपादप्पा गुरुजींनी कुलूप काढलं तर आत पुस्तकं. थोरांची चरित्रं, पिकांवरच्या रोगांची माहिती, देवीची लस का टोचावी, असली. पोरं हिरमुसली आणि पांगली. चांगुणा तेवढी थांबली, कारण तिला पेटीच्या तळाशी एका दोऱ्यात बांधलेली सात पातळ पुस्तकं दिसली होती. सगळ्यांवर एकाच पोराचं चित्र होतं. काळं, उघडं, केस पिंजारलेलं पोर जमिनीला कान लावून पडलेलं होतं.

'पाताळझरा', भाग पहिला ते सातवा. लेखक नाना कथेकर.

चांगुणा ग्यानोबा सोनकांबळ्याची थोरली. पाचवीत होती. घरात छापलेली वस्तू म्हणजे बाबासाहेबांचा फोटो असलेलं एक कॅलेंडर आणि ग्यानोबाचं मजुरीचं कार्ड. तिनं पहिला भाग दोन दिवसांत वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला, आणि दुसऱ्यासाठी गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी शाळेत पुस्तक हातात देत. घरी मात्र ओट्याच्या कडेला ठेवत आणि आत जात. मग चांगुणानं ते उचलायचं. याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. पुस्तक मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

गोष्ट अशी होती. एका राज्यातली नदी एका रात्रीत जमिनीत शिरली आणि नाहीशी झाली. राजानं दवंडी पिटली. मोठमोठे पंडित आले, जादूगार आले, उडत्या गालिच्यावरचे लोक आले. कुणाला नदी सापडेना. नगराच्या परकोटाबाहेर खोपटांत राहणारा एक पोरगा होता, काजळ्या. त्याचं अंग काजळीसारखं काळं म्हणून ते नाव. त्याला जमिनीला कान लावला की खालचं पाणी ऐकू यायचं. राजकन्या त्याला चोरून भेटते आणि दोघं पाताळात उतरतात. दगडांची माणसं, मीठ खाणारा अजगर, सावल्या विकणारी म्हातारी, असं करत करत सात भाग. पंडितांना जे जमत नाही ते काजळ्याला जमतं, कारण त्यानं सारा जन्म जमिनीवरच काढलेला असतो. झोपायला बाजच नसते, म्हणून तर त्याला पाणी ऐकू येतं.

चांगुणाच्या घरातही बाज नव्हती.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी झाला होता, बहात्तरला आलाच नाही. मराठवाड्यातल्या माणसाला त्या सालाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. ग्यानोबा कुदळ मारायचा, धुरपता, म्हणजे चांगुणाची आय, पाट्या उचलायची. शाळा अर्धा वेळ झाली आणि मग नावापुरती उरली. कामावरच्या बायांची लेकरं सांभाळायला कुणी तरी पाहिजे होतं, म्हणून मुकादमानं चांगुणाला बारदानाच्या सावलीत बसवलं. तान्ही सात-आठ, रांगती पाच-सहा, आणि सरकारी खाऊच्या, सुकडीच्या आशेनं येऊन बसणारी मोठी पोरं. त्यांत चांगुणाची धाकटी बहीण सरजा. सहा वर्षांची होती आणि सारखी प्रश्न विचारायची.

एवढ्या लेकरांना धरून ठेवायचं कसं? चांगुणानं गोष्ट काढली. रोज थोडी. पुस्तकातली वाक्यं तिला पाठ होती, पण पोरांना ती कळेनात, म्हणून तिनं काजळ्याला आपल्यासारखं बोलायला लावलं. काजळ्या अजगराला म्हणायचा, "काऊन रे, मीठ खाऊन तहान लागत न्हाई का?" पोरं हसायची. रांगतीसुद्धा मोठ्यांचं बघून हसायची. सरजा तर दिवसभर जमिनीला कान लावून पडायची.

"काई ऐकू येयलंय का?" चांगुणा विचारायची.

"येयलंय. पर लई लांब हाय."

कामावर पिण्याचं पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून यायचं. पिंपाजवळ गावातला एक माणूस बसायचा. त्याच्याच लोट्यानं तो पाणी द्यायचा. गावातल्यांच्या भांड्यात ओतायचा, आणि वस्तीतले सोनकांबळे, कांबळे, सूर्यवंशी आले की ओंजळ करायला लावून वरून धार धरायचा. दुष्काळ होता, सगळे एकाच तलावाची माती उपसत होते, परदेशातून आलेली एकच लाल मिलो ज्वारी शिजवून खात होते, पण ती धार तशीच राहिली. एकदा सरजाच्या ओंजळीतून सगळं पाणी गळून गेलं. माणसानं दुसऱ्यांदा दिलं नाही. ती सावलीत येऊन बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "अक्का, काजळ्याला पन वरून वततेत का?"

पुस्तकात तसं काही नव्हतं. चांगुणा म्हणाली, "वततेत की. म्हनून तर तेनं नदी शोधायची ठरवली."

सातवा भाग संपला तो अशा जागी की वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. काजळ्या पाताळझऱ्याच्या दगडी दारापाशी पोचतो. मागून राजाचं सैन्य येतं. काजळ्या दाराला हात लावतो आणि राजा ओरडतो, "थांब. तू कोण आहेस हे तुलाच ठाऊक नाही." खाली लिहिलेलं: पुढील कथा भाग आठवा व अंतिम.

चांगुणा गुरुजींकडं गेली. गुरुजी म्हणाले, "पुढच्या पेटीत येईल."

पुढची पेटी आली नाही. प्यायच्या पाण्याची मारामार होती, तिथं पुस्तकांचं कुणाला पडलंय? पोरं मात्र ऐकेनात. रोज एकच भुणभुण. दार उघडलं का? सैन्यानं काय केलं? तो कोण व्हता? शेवटी एका दुपारी चांगुणानं आठवा भाग स्वतःच सांगितला. राजा म्हणतो, तू परकोटाबाहेरचा, तुझा हात झऱ्याला लागला तर पाणी बाटेल. काजळ्या म्हणतो, "मग तुमी उघडा." राजा जोर लावतो, पंडित जोर लावतात, दार हलत नाही, कारण त्यांना पाणी ऐकूच येत नाही. काजळ्या कान लावतो, नेमकी जागा हेरतो आणि उघडतो. पाणी सुटतं. आणि नगर आहे उंचावर, खोपटं आहेत खाली. पाणी उताराला लागतं. सगळ्यांत आधी खोपटांत शिरतं. राजाला रांजण घेऊन खाली यावं लागतं, आणि काजळ्याची आय त्याच्या रांजणात पाणी घालते, वरून नाही, नीट, भरून.

सरजानं विचारलं, "हे पुस्तकात लिवलंय?"

"हाव," चांगुणा म्हणाली. "आठव्या भागात."

दुष्काळ सरला तेव्हा घरात एकीलाच शाळेत पाठवायची ऐपत उरली होती. गुरुपादप्पा गुरुजी स्वतः वस्तीत आले, आयुष्यात पहिल्यांदा, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि ग्यानोबाला म्हणाले, "थोरलीची शाळा सोडवू नका. तिला वाचायचं वेड आहे." म्हणून चांगुणा राहिली. सरजा शेळ्यांमागं गेली, मग खुरपायला, आणि चौदाव्या वर्षी लग्न होऊन अर्धापूरकडं गेली. केळीच्या बागांत दिवसभर पानं कापायची, घड उचलायचे. तिला अक्षरओळखही राहिली नाही. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही, आणि त्यामुळंच ते चांगुणाच्या मनात जास्त सलायचं.

चांगुणा मॅट्रिक झाली आणि अठ्ठ्याहत्तरला नांदेडला कॉलेजात आली. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात ती वजिराबादेतल्या पुस्तकाच्या दुकानात गेली. पाताळझरा म्हणताच दुकानदार हसला. "बाई, ते लई जुनं. छापत न्हाईत आता." तिनं आणखी दोन दुकानं पाहिली. एकाकडं तिसरा भाग होता, उंदरानं कुरतडलेला. तो तिनं घेतला.

महिनाभरात विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली. वसतिगृहाला आतून कड्या लागल्या. आठ दिवस बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. एकेकीच्या गावाहून बातम्या येत होत्या, कधी खऱ्या, कधी ऐकीव. तिसऱ्या दिवशी धोंडाबाई नावाच्या एका मुलीला निरोप आला: माणसं शाबूत आहेत, घर राहिलं नाही. धोंडाबाई रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि जेवेना. दुपारी चांगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं पाताळझऱ्याची गोष्ट काढली. सुरुवातीला तिची तिलाच लाज वाटली, सतरा वर्षांच्या मुलीला अजगराची गोष्ट काय सांगायची. पण हळूहळू आजूबाजूच्या मुली सरकत आल्या. चार दुपारी पुरली ती गोष्ट. शेवट चांगुणानं आपलाच सांगितला.

धोंडाबाई म्हणाली, "काजळ्या आपल्यातलाच होता गं."

"आपल्यातलाच," चांगुणा म्हणाली.

ती हे फसवायला म्हणाली नव्हती. इतक्या वेळा सांगून सांगून तिचाही त्यावर विश्वास बसला होता. कुठं तरी, पुण्या-मुंबईच्या एखाद्या कपाटात, आठवा भाग आहे आणि त्यात हेच लिहिलेलं आहे, असंच ती धरून चालली होती. सात भाग ज्या माणसानं असे लिहिले, तो आठवा वेगळा कशाला लिहील?

बारावी झाली, ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग केला, आणि ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा झाला. गावभर मंडप, नव्या पाट्या, नवी कार्यालयं. भाड्याच्या घरांवर एका रात्रीत सरकारी फलक चढले. गंजगोलाईजवळच्या एका वाचनालयाचाही दर्जा वाढला आणि तिथं सहायकाची एक जागा निघाली. ग्रंथपाल व्यंकटराव सज्जन होते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "वाचायला काय आवडतं?" चांगुणानं कवितेचं, कादंबरीचं नाव घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, "पाताळझरा." व्यंकटराव हसले. "ते माझ्या पोरांनी पण वाचलंय." तिला नोकरी लागली.

दुसऱ्या वर्षी अनुदानाच्या पुस्तकांचा गठ्ठा आला. नोंदी करायचं काम चांगुणाकडं. पोत्याची शिवण उसवून ती एकेक पुस्तक टेबलावर ठेवत होती, आणि मधेच हातात आला तो नव्या आवृत्तीचा संच. आठ भाग. गुळगुळीत वेष्टणं, रंग भडक झालेले, पण पोरगं तेच, जमिनीला कान लावलेलं. चांगुणानं दाखल अंक घातले, शिक्के मारले, सातही भाग बाजूला ठेवले आणि आठवा उघडला. दुपारची वेळ होती, वर्तमानपत्राच्या टेबलाशी दोन म्हातारे डुलक्या घेत होते. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. अकरा वर्षं थांबलेली बाई, खुर्ची ओढून घ्यायलाही तिला सवड नव्हती.

राजा म्हणतो, तू कोण आहेस हे तुलाच ठाऊक नाही. तू माझा मुलगा आहेस. परकोटाबाहेरच्या लोकांनी तुला पाळण्यातून पळवून नेलं होतं. काजळ्या चकित होतो. दार उघडतं, तेही त्याला पाणी ऐकू येतं म्हणून नाही, तर राजरक्ताचा स्पर्श झाला म्हणून. पाण्याचा लोट त्याच्या अंगावरून जातो, जन्माची काजळी धुऊन निघते, आणि आतून सोन्यासारखी कांती उजळते. त्याचं खरं नाव सुवर्णकेतू. राजकन्या त्याची बहीण नसते. राजानं ती पाळलेली असते, दुसऱ्या राजाची. त्यामुळं लग्नाला आडकाठी नाही. ज्यांनी त्याला वाढवलं त्या चोरांना तो उदार मनानं क्षमा करतो. नदी राजवाड्याच्या कारंज्यांत खेळू लागते. परकोटाबाहेरच्यांना खालच्या पाटाचं पाणी ठरल्या वेळी भरायची मुभा मिळते, आणि ती भोळी माणसं आनंदानं नाचू लागतात.

समाप्त.

चांगुणानं पुस्तक मिटलं. मग शेवटची चार पानं परत वाचली, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. ती भोळी माणसं आनंदानं नाचू लागतात. तिला बारदानाच्या सावलीतली पोरं आठवली, धोंडाबाई आठवली. सात भाग ज्याला तिनं घरातलं माणूस म्हणून वागवलं, तो कधीच त्यांच्यातला नव्हता. जे काही शौर्य त्यानं केलं, ते सगळं राजवाड्यातून आलेलं होतं. खोपटांनी त्याला दिली ती काजळी फक्त, आणि तीही धुऊन गेली.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं. "शेवट आवडला नाही का?"

"पोरांना आवडंल," ती म्हणाली आणि पुस्तक फळीवर लावलं.

तिथं ते लावलं खरं, पण मनातून निघालं नाही. पुढच्या वर्षी बालवाचकांचा मेळावा भरला आणि नाना कथेकर स्वतः आले. सत्तरीचे, खादीचा सदरा, गोड बोलणारे. पोरांना त्यांनी मांडीवर घेतलं, अजगराचा आवाज काढून दाखवला. माणूस वाईट नव्हता, आणि चांगुणाला तेच जड गेलं. चहाच्या वेळी व्यंकटरावांनी ओळख करून दिली, "आमच्या चांगुणाबाई. तुमच्या मोठ्या चाहत्या." चांगुणानं हात जोडले. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं, आणि जे बाहेर आलं ते फारच साधं होतं.

"सर, काजळ्याला तुम्ही राजाचा मुलगा का केलं?"

कथेकर हसले. "अहो, नाहीतर राजकन्येशी लग्न कसं लावलं असतं मी? मुलांना शेवट गोड लागतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"परकोटाबाहेरचे."

कथेकरांनी आठवून पाहिलं. त्यांना खरोखरच आठवेना. शेजारच्याला ते म्हणाले, "मी काय लिहिलंय हो त्यांचं?" आणि सगळे हसले. चांगुणाही हसली. पाहुण्यापुढं न हसून चालणार नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना तिला वाटलं, त्यांनी मुद्दाम वाईट लिहिलं असतं तर भांडता आलं असतं.

सरजाला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. सरजा वर्षाकाठी एकदा लातूरला यायची, बाबासाहेबांच्या जयंतीला. तिला मुलगी झाली होती, कस्तुरा. एका वर्षी आली तेव्हा तिचं उजवं मनगट वाकडं बसलेलं होतं. "बागेत पडले," म्हणाली. नवऱ्याचं बागेतलं काम सुटलं होतं, तो आता विष्णुपुरीच्या धरणावर मजुरीला जायचा. चांगुणानं फार विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं वाटलं.

नव्वदच्या जयंतीला सरजा आली तेव्हा कस्तुरा आठ वर्षांची होती, तिसरीत होती. चांगुणा तेव्हा एका खोलीत आयबरोबर राहायची. ग्यानोबा वारला होता. वाचनालयाची फाटकी पुस्तकं ती बांधणीसाठी घरी आणायची, आणि त्या दिवशी नेमका पाताळझऱ्याचा संच कोपऱ्यात पडलेला होता. सरजाला वाचता येत नव्हतं, पण वेष्टणावरचं चित्र तिनं लगेच ओळखलं. लहानपणी गुरुजींच्या पेटीतलं तेच चित्र तिनं शंभरदा पाहिलं होतं.

"अक्का, हा तर काजळ्या."

"हाव."

"आठवा हाय का ह्यात?"

चांगुणाला नाही म्हणता आलं असतं. पण आठ पुस्तकं समोर पडलेली, आणि कस्तुरानं पाठीवरचे आकडे मोजायला सुरुवातही केली होती.

"वाचून दाव," सरजा म्हणाली. तिनं भिंतीला पाठ लावली, लेकीला जवळ ओढलं. "हिला मी किती बार सांगितलंय. आता पुस्तकातलं ऐकू दे."

चांगुणानं आठवा भाग उघडला. नजर पानावर ठेवली आणि वाचायला लागली. राजा म्हणाला, तू परकोटाबाहेरचा, तुझा हात लागला तर पाणी बाटेल. काजळ्या म्हणाला, मग तुम्ही उघडा. ती पानं उलटत होती, बोट फिरवत होती, आणि बोलत होती ते अठरा वर्षांपूर्वीचं, तलावावरचं. तिनं भाषा थोडी पुस्तकी केली होती, शोभावी म्हणून. सरजा डोळे मिटून ऐकत होती. आयनं चुलीवरचा चहा उतरवला आणि तीही बसली. पाणी उताराला लागलं, खोपटांत शिरलं, राजा रांजण घेऊन खाली आला.

"मावशी," कस्तुरा म्हणाली. ती कधी उठून मागं आली ते चांगुणाला कळलंच नव्हतं. "इथं तसं न्हाई लिवलेलं."

"पुढच्या पानावर हाय."

"न्हाई." पोरीनं पानावर बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तसं तोडून तोडून, खणखणीत वाचलं. "जन्माची काजळी धुऊन निघाली. राजपुत्र सुवर्णकेतू सोन्यासारखा झळकू लागला." मग आईकडं वळून म्हणाली, "आय, काजळ्या राजाचा लेक होता. चोरांनी पळवला होता तेला."

"कोन चोर?"

"भायेरचे. खोपटातले."

सरजानं डोळे उघडले. "अक्का, काय म्हनायलीय ही?"

आय एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली.

"मंजी तव्हा तलावावर तू सांगितलंस ते..."

"आठवा भाग आलाच नव्हता सरजा. पोरं ऐकत नव्हती. मी माझ्या मनानं सांगितलं."

"मी इच्यारलं व्हतं तुला. पुस्तकात हाय का म्हून."

"हाव."

सरजानं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. मग जे सांगितलं ते अगदी सावकाश, आवाज न चढवता. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वस्तीच्या आडाचं पाणी आटलं होतं. बागायतदाराच्या बागेला कालव्याचं पाणी चालू होतं, पाट वस्तीच्या वरून जायचा. बाया मागायला गेल्या की तो म्हणायचा, बाग भिजली की बघू. बाग रोजच भिजायची. एका सकाळी सरजा बायांना म्हणाली, पाणी उताराचं असतं, आणि आपण उतारावर आहोत. एका बाईनं विचारलं, हे कुठं हाय? सरजा म्हणाली, पुस्तकात हाय, माझ्या अक्कानं वाचलेलं, छापलेलं हाय. मग तिनं पाटाचं पाणी अडवणारं फळकूट उपसलं. तासभर पाणी वस्तीत आलं. बायांनी घागरी, तपेली, सगळं भरून घेतलं. मग बागेतली माणसं आली. फळकूट तिच्या हातात होतं, त्या हातावरच काठी बसली.

"मनगटाचं काई न्हाई," सरजा म्हणाली. "बागेतलं काम सुटलं तेचं बी न्हाई. पानी मिळालं त्या दिवशी. पर मी सगळ्यांना सांगितलं, पुस्तकात हाय म्हून. त्या बाया अजून म्हनतेत, सरजा म्हनली तसं छापलेलं हाय."

"तू केलंस ते बरोबरच होतं," चांगुणा म्हणाली.

"बरोबर व्हतं ते मला ठाव हाय. तू काऊन खोटं बोललीस ते सांग."

याला चांगुणाकडं उत्तर होतं, पण ते अकरा वर्षांच्या पोरीचं होतं, एकोणतीस वर्षांच्या बाईच्या तोंडी ते शोभत नव्हतं. आणि पुढची अठरा वर्षं? सात वर्षं तर खरं पुस्तक हाताशी होतं. जिला वाचता येत नव्हतं तिला तिनं वाचून फसवलं होतं, आणि आत्ताही, या क्षणाला, तेच करत होती. कस्तुरा मात्र पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली होती आणि भराभर वाचत होती. वाचून झाल्यावर ती खुशीत म्हणाली, "राजपुत्र निघाला ते बरं झालं न्हाई का मावशी? नाहीतर लग्नच झालं नसतं."

सरजा दुसऱ्या दिवशीच्या ऐवजी त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेली.

चांगुणानं त्यानंतर एक काम केलं. चाळीस पानी वही आणली आणि आपला आठवा भाग पहिल्यांदा लिहून काढला, तलावावर सांगितला तसाच, काजळ्याच्या, म्हणजे स्वतःच्या बोलीत. तीन रविवार गेले. वहीला तिनं खाकी वेष्टण घातलं, वर सुवाच्य अक्षरात गोष्टीचं नाव टाकलं, आणि नांदेडची गाडी धरली. तिथून अर्धापूर. सरजा आता दुसऱ्याच्या बागेत कामाला होती. केळीच्या पानांच्या गर्दीत तिला शोधायलाच वेळ लागला. सरजानं हातातला विळा खाली ठेवला, चिकानं काळे झालेले हात लुगड्याला पुसले आणि वही घेतली. उघडली, दोन-चार पानं उलटली. अक्षरांवरून डावा हात फिरवला.

"हे काय?"

"आठवा भाग. तुला सांगितलेला. सगळा लिवून काढलाय. कस्तुरा वाचून दावील."

"कुनी लिवला?"

"मीच."

सरजानं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग चांगुणाला परवडला असता.

"मग ते पुस्तक न्हाई," सरजा म्हणाली. वही तिनं भाकरीच्या फडक्यात गुंडाळून बांधावर ठेवली, पाणी प्यायला दिलं, आयची तब्येत विचारली, आणि परत विळा उचलला, कारण केळीची गाडी भरायला आली होती.